एकास बहात्तर

श्रावणात रंग वाळत नाही वेंगुर्ल्यात.
सकाळी पंखावर दिलेला हात
संध्याकाळी माझ्या बोटाचा ठसा घेतो.
म्हणून पंख तांदळाच्या डब्यावर, साठच्या बल्बखाली,
आणि मी शेजारी, राखणीला बसल्यासारखी.

खोकं पुतण्याने पाठवलं, मस्कतहून.
चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान,
दोनशे सोळा तुकडे, करड्या चौकटींत अडकलेले,
बांगड्याच्या काट्यांसारखे.
सूचना जपानीत. बाण मात्र कुणालाही कळतील असे.

नाक हलकं राहिलं तर ते शेपटीवर बसतं.
आत भरले शिशाचे सात मणी,
गिरपांच्या फाटक्या पागातले.
एरियलच्या तारेला तंगूस आहेच घरात.

लढाईत बाबा रंगारी होते,
बंगालच्या बाजूला, कुठल्याशा विमानतळावर.
परत आले ते एक वही घेऊन
आणि डाव्या कानाने बहिरे.
वहीत हिरव्याला नंबर नाही. शाईने लिहिलंय:
‘फणसाचं पान, पडून दोन दिवस झालेलं, पालथं.’

मी मागच्या दारी गेले.
एका दिवसाचं पान, दोन दिवसांचं, तीन दिवसांचं,
पत्र्याच्या झाकणावर ओळीने मांडली.
रुझार होड्यांवर नावं रंगवतो;
सध्या होड्या झापांखाली, त्यामुळे तो मोकळा.
डोळे बारीक करून म्हणाला,
“ह्यो खयचो हिरवो? ह्यो कुसलेलो हिरवो.”
मग स्वतःच दहा थेंबांत एक थेंब पांढरा टाकला.
मी हात धरला त्याचा.
“लांब गेलेली होडी काळी दिसना नाय गो बाय,
निळी दिसता. तुझा विमान लांब आसा.”

खरं होतं ते. टेबलावर, चष्म्याच्या टोकाशी,
आणि तरी लांब.

पोट काळं. रात्रीसाठी.
धुराचे डाग पेन्सिलीच्या भुकटीने, इंजिनामागे,
जिथे चढायचे-उतरायचे तिथे रंग उडालेला,
स्पंजाच्या कपच्याने चांदी टिपली.
एकास बहात्तर म्हणजे माणूस जेमतेम इंचभर.
माड वीतभर.
वीतभर माडांचं गाव मात्र खोक्यात येत नाही.

राहिल्या नाकावरच्या खुणा.
दर फेरीला एक पिवळा बॉम्ब, तांदळाच्या कणीएवढा.
वहीत चिकटवलेल्या फोटोत एकेचाळीस आहेत,
दहा-दहाच्या चार ओळी आणि एक.
ते एक नुसतं कडेकडेने काढलेलं. आत रंग नाही.

बाबांनी रंगवायला घेतलं होतं
की विमान गेलं, की तो ब्रश कुणी मागून नेला?
मी विचारलं होतं एकदा, उजव्या बाजूने.
“तीन हात द्यावे लागत पिवळ्याला,” एवढंच म्हणाले,
“खालचा काळपट वर येई.”

तीन हात. चाळीस खुणा. चार केसांचा ब्रश.
रोज सकाळी पाच, चहाआधी, हात थरथरायच्या आत.
आठ दिवस मी पिवळं मोजत होते
तर मोजलं काय जात होतं?

नवव्या दिवशी रुझार दारातच उभा,
हातात ओली पाती, गोपाळकाल्याच्या रंगाचं भिंग त्याच्या बोटांना.
भिंगातून बघून झाल्यावर म्हणाला,
“हेंच्या खाली कोण रवत होते गो?”
स्टिकरच्या कागदावर तसं काही नव्हतं.
मी पुन्हा नीट पाहिलं, दोन्ही बाजूंनी.

त्याने शेवटच्या खुणेकडे बोट केलं. “हां र्‍हवला.”
“राहिलेलंच आहे,” मी म्हटलं.
“फोटोत तसंच.”
तो मान हलवत बसला खाली, पायरीवर.

मग तंगूस.
एक टोक शेपटीला, एक पाठीवरच्या खुंटीला.
उदबत्तीची ठिणगी जवळ नेली की तो ताणतो;
जास्त जवळ, तर तुटतो.
श्वास धरून मी नेली.